६६ तास : एका वाकलेल्या लॅपटॉपचा घटनाक्रम

पडला नाही, आपटला नाही, तरी लॅपटॉपचं कव्हर वाकलं असेल तर त्याला कुणीतरी आतून ढकलत असतं. ढकलणारी वस्तू बहुतेक वेळा एकच असते : फुगलेली लिथियम बॅटरी. आमच्या छत्रपती संभाजीनगरातल्या पैठण गेटच्या दुरुस्तीवाल्याला हे एका नजरेत कळतं. वॉरंटीच्या काउंटरवर मात्र त्याची नोंद ‘बॉडी डॅमेज’ अशी होते आणि पुढचा सगळा वेळ चूक कुणाची हे ठरवण्यात जातो. बॅटरी तेवढा वेळ थांबत नाही.

हा घटनाक्रम माझ्या भाचीच्या खोलीतला आहे. ती याच शहरात उस्मानपुऱ्यात एका घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहते आणि इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. वेळा तिच्या फोनमधल्या कॉलवरून, तक्रार क्रमांकाच्या मेसेजवरून आणि आलेल्या मेलवरून लावल्या आहेत. कंपनीचं नाव लिहीत नाही. मला जे म्हणायचंय ते एका कंपनीबद्दल नाही, फुगलेली बॅटरी कशी हाताळली जाते त्या पद्धतीबद्दल आहे.

मंगळवार, सकाळी ९.१० : ६६ तास आधी

टचपॅड दाबला जात नाही. बोटाखाली ‘टक्’ असा आवाज यायचा, तो येईना. तिने झाकण मिटलं तर समोरच्या कडेला नख जाईल एवढी फट राहिली. उलटा करून टेबलावर ठेवला तर तो डुलू लागला. तळाच्या पत्र्याला मधोमध उंचवटा आला होता आणि दोन स्क्रूंच्या मधली कड उचकटली होती.

लॅपटॉप घेऊन वर्ष झालेलं नाही. मे महिना आहे. खोलीवर थेट स्लॅब, आणि शहराचा पारा चाळिशीच्या पुढे. प्रोजेक्ट रिपोर्टच्या घाईत लॅपटॉप दिवसरात्र चार्जरला लावलेला. लिथियम बॅटरीला अकाली म्हातारं करणाऱ्या दोन गोष्टी म्हणजे उष्णता आणि सतत शंभर टक्के चार्ज. दोन्ही त्या खोलीत मुक्कामाला होत्या.

पातळ लॅपटॉपमधले सेल चपट्या पाकिटासारखे असतात. आत तांब्याच्या पातळ पत्र्यावर ग्राफाइट, अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर कोबाल्टसारख्या धातूंचं ऑक्साइड आणि दोघांना वेगळं ठेवणारा प्लॅस्टिकचा अतिशय पातळ पडदा. या सगळ्यात भिनलेला द्रव म्हणजे ज्वालाग्राही सेंद्रिय द्रावक. सेल बिघडू लागला की या द्रावकाचं विघटन होतं आणि कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन, इथिलीन असे वायू तयार होतात. पाकीट बंद असल्याने त्यांना जायला वाट नसते. सेल फुगतो, वर टचपॅडला रेटतो, खाली पत्र्याला रेटतो. कव्हर वाकतं ते असं.

म्हणजे वाकलेलं कव्हर हा मूळ बिघाड नाही. मूळ बिघाड आत आहे आणि कव्हर फक्त त्याची वर्दी देतंय.

मंगळवार, दुपारी १२.१० : ६३ तास आधी

जालना रोडवरचं सर्व्हिस सेंटर. टोकन, रांग, एसी.

“बिल आणलंय?”

“हो.”

“पडला होता का?”

“नाही.”

“मग बॉडी कशी वाकली?”

तिने सांगितलं की आतून काहीतरी फुगल्यासारखं वाटतंय. काउंटरवरच्या तरुणाने उंचवटा अंगठ्याने दाबून पाहिला. फुगलेला सेल दाबणं हे करू नये त्यातलं पहिलं काम आहे, कारण मधला पडदा आधीच ताणलेला असतो. त्याला हे कुणी शिकवलेलं नसावं. त्याने जॉबशीटवर लिहिलं : टचपॅड नॉट वर्किंग, बॉडी बेंड. ‘बॅटरी’ हा शब्द कागदावर आलाच नाही.

“बॉडी बेंड म्हणजे फिजिकल डॅमेज. वॉरंटीत घ्यायचं की नाही ते कंपनी ठरवते. तुम्ही ऑनलाइन तक्रार टाका, फोटो जोडा. मंजूर झालं तर पार्ट मागवू. सात-आठ दिवस धरा.”

आणि त्याने लॅपटॉप तिच्या हातात परत दिला.

पुढे जे झालं त्याची सगळ्यात मोठी फट मला इथे दिसते. त्या क्षणी ती वस्तू प्रशिक्षित माणसांच्या ताब्यात होती. बॅटरी सुटी करायची साधनं त्याच इमारतीत होती. वॉरंटी लागू होते की नाही याचा निकाल आठ दिवसांनी लागला असता तरी चाललं असतं, बॅटरी मात्र त्याच दुपारी बाहेर निघायला हवी होती. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण जॉबशीटवर त्यांच्यासाठी एकच रकाना होता.

हा धोका काही नवा नाही. १४ ऑगस्ट २००६ रोजी डेल कंपनीने सोनीचे सेल असलेल्या ४१ लाख लॅपटॉप बॅटऱ्या परत मागवल्या. त्याच महिन्यात अॅपलने १८ लाख बॅटऱ्या मागे घेतल्या. सेल बनताना धातूचे सूक्ष्म कण आत राहिले होते आणि त्यांच्यामुळे आतल्या आत शॉर्टसर्किट होऊ शकत होतं. जून २०१९ मध्ये अॅपलने १५ इंची मॅकबुक प्रोची एक खेप बॅटरी बदलून देण्यासाठी परत बोलावली. सप्टेंबर २०१५ ते फेब्रुवारी २०१७ या काळात विकलेली ही यंत्रं एकट्या अमेरिकेत सुमारे ४ लाख ३२ हजार होती. २०१९ च्याच ऑगस्टमध्ये आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने प्रवाशांना सांगितलं की बॅटरी बदलून घेईपर्यंत ते लॅपटॉप विमानात आणू नका. उद्योगाला हे सगळं ठाऊक आहे. शहरातल्या काउंटरपर्यंत ते पोहोचलेलं नाही.

मंगळवार, संध्याकाळी ६.१० : ५७ तास आधी

पैठण गेट. मोबाईलच्या दुकानांच्या ओळीत लॅपटॉप दुरुस्तीचं एक अरुंद दुकान. कारागिराने लॅपटॉप हातात घेतला, आडवा धरून डोळ्यासमोर नेला, तळाच्या कडेवरून नजर फिरवली आणि हळूच काउंटरवर ठेवला. दाबला नाही.

“दीदी, बॅटरी फुगी है. ये आज के आज निकालो.”

“काढून द्याल?”

“देतो ना. पण वॉरंटीत आहे म्हणता. मी स्क्रू खोलले, सील तुटलं, तर कंपनीवाले हात वर करतील. मग मला बोलू नका.”

दोघंही खरं बोलत होते. त्याला धोका कळला होता आणि तिला पैशाचं गणित कळत होतं. लॅपटॉप वडिलांनी हप्त्यावर घेऊन दिलेला. नवी बॅटरी, वाकलेला पत्रा, टचपॅड हे सगळं पदरचं भरायचं म्हणजे घरी फोन करायचा. वॉरंटी हातात असताना ती कोण सोडेल?

मला सगळ्यात जास्त टोचतं ते इथे. ग्राहकाच्या संरक्षणासाठी असलेल्या कागदानेच धोकादायक वस्तू तिच्या घरात राहील अशी व्यवस्था केली. त्या रात्री तिला सुरक्षित करू शकणारा एकच माणूस समोर उभा होता आणि वॉरंटीच्या धाकाने त्याला हात लावता येत नव्हता.

बुधवार, सकाळी ११.१० : ४० तास आधी

हेल्पलाइन. भाषा निवडा, मॉडेल निवडा, सीरियल नंबर सांगा. नंबर तळाच्या पत्र्यावर होता, तिने फुगवट्यावरूनच तो वाचून दाखवला.

पलीकडच्या मुलीने शांतपणे सगळ्या पायऱ्या सांगितल्या. लॅपटॉप सुरू करा. चार्जर जोडलेला ठेवा. बॅटरी तपासण्याचा प्रोग्राम चालवा. तो शेवटपर्यंत जाऊ द्या आणि रिपोर्टचा फोटो पाठवा. त्याशिवाय तक्रार पुढे सरकणार नाही.

भाचीने सांगितलं की बॅटरी फुगली आहे असं दुकानदार म्हणाला. उत्तर आलं, “मॅम, ते टेस्टमध्ये दिसेल.”

दिसलं नाही. असे प्रोग्राम सेलचं व्होल्टेज पाहतात, किती चार्ज उरतो ते पाहतात, कितीवेळा चार्ज झाला ते मोजतात. पाकीट किती फुगलंय हे सांगणारं साधन त्यांच्याकडे नसतं. रिपोर्टवर ‘सामान्य’ अशी हिरवी खूण आली आणि ती तक्रारीला जोडली गेली.

फुगलेल्या बॅटरीबाबतचा पहिला नियम आहे : बंद करा आणि पुन्हा चार्ज करू नका. तक्रारीची पहिली पायरी होती : सुरू करा आणि चार्जरला लावा.

बुधवार, रात्री १०.१० : २९ तास आधी

दिवसभर तापलेला स्लॅब रात्री खोलीत उष्णता सोडतोय. पंखा गरम हवाच फिरवतोय. ती रिपोर्टची प्रकरणं जुळवत बसली आहे. टचपॅड चालत नाही म्हणून मैत्रिणीचा माऊस आणलाय. लॅपटॉप मधूनमधून डुलतो म्हणून त्याच्या एका कोपऱ्याखाली वहीचं पान घडी करून ठेवलंय.

साध्या लॅपटॉपच्या बॅटरीत पन्नास वॉट-अवरच्या आसपास वीज साठते. अर्धा लिटर पाणी माठातून काढून उकळी आणायला जेवढी ऊर्जा लागेल तेवढी ही आहे. ती दिवसभरात सावकाश बाहेर पडते म्हणून आपल्याला जाणवत नाही. काही सेकंदांत बाहेर पडली आणि वर ज्वालाग्राही द्रावकही पेटला, तर ती काय करील याचा हिशेब वेगळा असतो.

गुरुवार, दुपारी १.१० : १४ तास आधी

मेल येतो. पाठवलेल्या छायाचित्रांवरून उपकरणावर ‘बाह्य दाब’ आल्याचं दिसतं, त्यामुळे ही दुरुस्ती वॉरंटीत बसत नाही. फेरतपासणी हवी असल्यास उपकरण कुरिअरने दुसऱ्या शहरातल्या केंद्राकडे पाठवावं.

बाहेरून दाब आला तर पत्रा आत जातो. हा बाहेर आला होता. त्याच छायाचित्रात ते स्पष्ट दिसत होतं.

कुरिअरचा सल्ला तर त्याहून गंभीर. खराब झालेल्या, सुरक्षेच्या कारणाने सदोष ठरलेल्या लिथियम बॅटऱ्या विमानाने पाठवायला हवाई मालवाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत मनाई आहे. ही मनाई का हवी हे अनुभवाने दाखवलं आहे. ३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईहून निघालेल्या यूपीएसच्या मालवाहू विमानात लिथियम बॅटऱ्यांचा मोठा साठा होता. आगीची पहिली घंटा वाजल्यापासून विमान कोसळेपर्यंत अर्धा तासही मिळाला नाही. दोन्ही वैमानिक गेले. ग्राहकाला ‘कुरिअर करा’ असं लिहिणाऱ्या माणसाने निदान ‘बॅटरी फुगलेली असल्यास करू नका’ एवढी एक ओळ खाली लिहायला हवी होती.

गुरुवार, रात्री ११.१० : ४ तास आधी

तिने मेलला उत्तर लिहिलं. मुद्देसूद, नम्र, चार नवे फोटो जोडून. मग ठरवलं की शुक्रवारी सर्व्हिस सेंटरमध्ये जाऊन बसायचं, आणि लॅपटॉप तिथे ठेवून घेतलाच तर रिपोर्ट आपल्याजवळ असावा. म्हणून सगळ्या फाइली इंटरनेटवर चढवायला लावल्या. वेग कमी होता, सगळी रात्र लागणार होती. चार्जर जोडलेला. लॅपटॉप अभ्यासाच्या टेबलावर, बाजूला पुस्तकांची चळत, मागे खिडकीचा पडदा, खाली कापसाची गादी.

शेजारच्या खोलीत दोन मुली झोपल्या होत्या. दोन्ही खोल्यांना मिळून बाहेरचा एकच जिना.

रात्री चार्जिंगला लावलेली वस्तू झोपलेल्या घरात काय करू शकते हे महाराष्ट्राने पाहिलेलं आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत घरात चार्ज होत असलेल्या इलेक्ट्रिक स्कूटरच्या बॅटरीचा पहाटे स्फोट झाला आणि भाजलेला सात वर्षांचा मुलगा काही दिवसांनी दगावला. आपल्या शहरात ३ एप्रिल २०२४ च्या पहाटे चारच्या सुमाराला छावणीत कापडाच्या दुकानाला आग लागली आणि वर राहणाऱ्या एकाच कुटुंबातली सात माणसं गेली. सुरुवातीच्या बातम्यांत इलेक्ट्रिक दुचाकीच्या चार्जिंगवर संशय होता. पण कारणापेक्षाही त्या पहाटेचं दुसरं सत्य लक्षात ठेवायला हवं : पोलिसांच्या प्राथमिक अंदाजानुसार ती माणसं ज्वाळांनी नव्हे, धुराने गुदमरून गेली. झोपेतल्या माणसाला धूर उठवत नाही.

शुक्रवार, पहाटे २.४० : अर्धा तास आधी

खालून घरमालकीणबाईंची हाक : “पाणी आलं गं!”

या शहरात नळाला पाणी काही दिवसांच्या खंडाने येतं, आणि येतं तेव्हा वेळ पाहत नाही. त्या पहाटे पाण्याचा वार होता. ती उठली, ओढणी घेतली, दार नुसतं लोटलं आणि खाली गेली. मोटार लावायची, हौद भरायचा, मग वरची टाकी, मग हंडे-बादल्या. तासाभराचं काम.

एरवी याच पाण्याच्या नावाने आम्ही सगळे बोटं मोडतो. त्या पहाटे पाणी आलं नसतं तर ती टेबलापासून हातभर अंतरावर गादीवर झोपलेली असती.

पहाटे ३.०५ : पाच मिनिटं आधी

वर कुणी पाहत नव्हतं. पण अशा सेलमध्ये शेवटच्या मिनिटांत काय घडतं ते प्रयोगशाळांनी पुन्हा पुन्हा मोजलेलं आहे.

ताणलेल्या पडद्यात कुठेतरी एक बिंदू फाटतो. दोन्ही बाजू तिथे एकमेकींना भिडतात आणि त्या बिंदूतून प्रचंड प्रवाह वाहू लागतो. सेल आतून तापतो. शंभर अंशांच्या आसपास ग्राफाइटवरच्या संरक्षक थराचं विघटन होऊ लागतं आणि ती क्रिया स्वतःच आणखी उष्णता सोडते. १३० अंशांच्या सुमाराला पॉलिथिलीनचा पडदा वितळतो. आता बिंदू नाही, पूर्ण पृष्ठभाग उघडा पडतो. दोनशेच्या पुढे धातूच्या ऑक्साइडमधून प्राणवायू सुटू लागतो. इंधन आत, प्राणवायूही आत. इथून पुढे ही आग चार्जर काढूनही थांबत नाही आणि झाकूनही गुदमरत नाही. शास्त्रज्ञ या टप्प्याला ‘थर्मल रनअवे’ म्हणतात. उष्णतेने उष्णता वाढत जाते आणि लगाम कुणाच्याच हातात राहत नाही.

पहाटे ३.१०

खाली मोटारीचा आवाज चालू होता, म्हणून पहिला ‘फस्स’ कुणाला ऐकू आला नाही. दुसरा आवाज फटाक्यासारखा होता. तिने वर पाहिलं तर खिडकीच्या काचेमागे पांढरा धूर दाटला होता आणि त्यात नारिंगी उजेड हलत होता.

एक सेल फुटला की त्याची उष्णता शेजारच्याला पेटवते. म्हणून आवाज थांबून थांबून आले. प्रत्येक आवाजाबरोबर जळते तुकडे उडाले : पडद्यावर, पुस्तकांवर, गादीवर.

ती जिन्यावरून ओरडत धावली, पण स्वतःच्या दाराशी गेली नाही. शेजारच्या खोलीचं दार दोन्ही हातांनी बडवलं. मुली झोपेतच होत्या. धूर मधल्या व्हेंटिलेटरमधून त्यांच्या खोलीत शिरला होता. एक लगेच बाहेर आली, दुसरीला ओढून काढावं लागलं. तिघी खाली उतरल्या तेव्हा वरच्या खिडकीची काच तडकून पडली.

घरमालकांनी मेन स्विच बंद केला. कुणीतरी १०१ लावला. ज्या पाण्यासाठी सगळे उठले होते तेच बादल्यांनी वर गेलं. गल्लीतली माणसं ओळ करून उभी राहिली आणि अग्निशमन दलाची गाडी येईपर्यंत आग त्या एका खोलीत अडवून धरली.

पहाटे ४.०० नंतर

शेजारच्या खोलीतल्या मुलीला खोकल्याची उबळ थांबेना म्हणून घाटी रुग्णालयात नेलं. लिथियम बॅटरीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन फ्लोराइडही असतो आणि तो फुप्फुसांना इजा करतो, म्हणून तिला देखरेखीखाली ठेवलं. ती बरी झाली.

भाचीचा मला फोन आला. “मामा, सगळे ठीक आहेत.” आधी एवढंच. मग थोड्या वेळाने, “माझी फाइल गेली.” दहावीपासूनच्या मूळ गुणपत्रिका, जातीचा दाखला, पुस्तकं, कपडे, गादी, सगळं गेलं होतं. टेबलाच्या जागी कोळसा होता आणि त्यात वितळलेल्या पत्र्याचा एक गोळा.

दुपारी तिच्या फोनवर कंपनीचा मेसेज आला. तक्रार ‘निराकरण झाली’ म्हणून बंद करण्यात आली होती.

हा क्रम कुठे तुटू शकला असता

मी हे सगळं तास मोजून लिहिलं ते याचसाठी. अपघात अचानक होतो असं आपण म्हणतो. हा तसा झाला नाही. वर्दी मंगळवारी सकाळी मिळाली होती आणि मंगळवार ते शुक्रवार प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी तो थांबवू शकत होतं. काउंटरवर बॅटरी काढून घेता आली असती. हेल्पलाइनवर ‘बंद करा, चार्ज करू नका’ असं सांगता आलं असतं. मेलमध्ये फोटो नीट पाहता आला असता. यापैकी कुठल्याही गोष्टीला पैसे लागत नव्हते.

म्हणून माझी मागणी साधी आहे. ज्या कंपन्या लिथियम बॅटरी असलेली वस्तू विकतात त्यांनी ‘कव्हर वाकलं’, ‘टचपॅड वर आला’, ‘झाकण बसत नाही’ या तक्रारींना सुरक्षेची तक्रार मानावं. वस्तू त्याच दिवशी ताब्यात घ्यावी, बॅटरी आधी सुटी करावी आणि पैसे कुणी भरायचे याचा वाद नंतर सावकाश घालावा. आणि ग्राहकाने धोक्यापोटी बॅटरी स्थानिक कारागिराकडून काढून घेतली तर तेवढ्यावरून वॉरंटी नाकारू नये.

कायदा या बाजूला झुकलेला आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये उत्पादन दायित्वाचं स्वतंत्र प्रकरण आहे. उत्पादनातला दोष, रचनेतला दोष, पुरेशी सूचना न देणं यांमुळे हानी झाली तर निर्मात्याला भरपाई द्यावी लागते, आणि सेवा देणाऱ्याच्या हलगर्जीपणालाही त्यात जागा आहे. तक्रार जिथे राहता तिथल्या जिल्हा आयोगात करता येते, म्हणजे कंपनीचं कार्यालय बंगळुरूला असलं तरी खटला संभाजीनगरात चालू शकतो. वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करता येते. भाचीने ही नोंद केली आहे आणि आयोगातला अर्ज आम्ही तयार करतोय. जॉबशीट, मेल, फोटो हे सगळं तिच्या फोनमध्ये होतं आणि फोन पाणी भरताना तिच्या हातात होता.

पण कायदा आगीनंतर येतो. आधी करायचं ते तुमच्या हातात आहे.

लॅपटॉपचं कव्हर फुगलेलं दिसलं तर तो लगेच बंद करा, चार्जर काढा आणि ‘फक्त एकदा डेटा घेतो’ म्हणूनही पुन्हा लावू नका. दाबू नका, टोचू नका, स्क्रू आवळून पत्रा बसवू नका. फरशीवर, कापड-कागदापासून लांब, झोपायच्या जागेपासून आणि बाहेर पडायच्या वाटेपासून दूर ठेवा. हवाबंद डब्यात कोंडू नका. कडेने एक फोटो काढा, फुगवटा त्यात दिसला पाहिजे. तक्रारीत ‘टचपॅड’ किंवा ‘बॉडी’ लिहू नका, ‘बॅटरी फुगली आहे, आगीचा धोका आहे’ असं लिहा आणि काउंटरवर जॉबशीटवर तेच शब्द लिहून घ्या. कुणी चार्ज करून टेस्ट करायला सांगितलं तर नाही म्हणा, आणि तो नकारही लेखी पाठवा. काढलेली बॅटरी घंटागाडीत टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे.

आणि आग लागलीच तर वस्तूसाठी धावू नका, माणसांसाठी धावा. शेजारची दारं वाजवा, दार ओढून घ्या, १०१ लावा. आग लहान असेल आणि वीज तोडलेली असेल तरच लांबून भरपूर पाणी मारा आणि मारत राहा, कारण एक सेल विझला तरी दुसरा पेटू शकतो.

वॉरंटीचा वाद हरला तरी पुढच्या महिन्यात पुन्हा लढता येतो. फुगलेली बॅटरी घरात ठेवून तो लढू नका. आज रात्री झोपण्यापूर्वी घरातले लॅपटॉप उलटे करून सपाट टेबलावर ठेवून पाहा. एखादा डुलला तर त्याची तक्रार उद्या करा, चार्जर आत्ता काढा.